ग्लूमी कोणाला?

पावसाळी आभाळाला ग्लूमी म्हणायचं नाही, असा माझ्या वर्गात दंडकच होता. बदलापूर गावात राहून मराठी माध्यमाच्या मुलांना मी उभी नोकरी इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही आळीतली मुलं शिकवणीला येतातच. खोली ग्लूमी असू दे, चेहरा ग्लूमी असू दे, घरात आजारपण असेल तर घरसुद्धा ग्लूमी असू दे. पण जूनमधलं काळं आभाळ? त्याला क्लाउडी म्हणा, डार्क म्हणा, फारच हौस असेल तर ओव्हरकास्ट म्हणा नि पुढे चला. ग्लूमी लिहिलं की माझा लाल पेन चाललाच.

यामागे माझा विचार होता, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. ज्याने बदलापुरात मे महिना काढलाय त्याला तो आजही पटेल. पारा चाळिशी ओलांडतो, डोंगर तापतात, वारा पडतो, दुपारी आळीत चिटपाखरू दिसत नाही. अशात एक दिवस चारच्या सुमाराला चंदेरीच्या सुळक्यामागून काळं काही तरी वर येतं आणि माणसं हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहतात. म्हातारे सदऱ्याची बटणं सोडतात. उंबऱ्यात बसलेली बाई वर बघून 'आलं गं बाई एकदाचं' म्हणते. या आभाळाला उदास कोण म्हणेल? आमचा कृष्ण घनश्याम, आमचा विठोबा सावळा. काळ्या ढगाचा रंग ज्यांनी देवाला दिला, त्यांनी त्या ढगाकडे बघून तोंड पाडायचं म्हणजे काय!

आणि साहेबाचं तसं का, तेही मी मुलांना सांगायचे. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि त्यातही ऊन दिसेल याची खात्री नाही. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. त्यांना टंचाई उजेडाची, आपल्याला सावलीची. त्यांच्याकडे ढग आले की होतं तेवढंही जातं, आपल्याकडे ढग आले की जीव थंड होतो. तेव्हा शब्द घ्या, पण त्याच्याबरोबर साहेबाची हवा घेऊ नका. हे शेवटचं वाक्य माझं फार आवडतं होतं. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात ते टाकलं तेव्हा टाळ्याही मिळाल्या होत्या. मत बरोबर आहे की नाही हे तपासायची गरज मला फारशी वाटली नाही, याचं एक कारण हेच, की ते मांडायला फार छान होतं.

आता ते मत जसंच्या तसं राहिलेलं नाही. ते कशानं हललं, याचं उत्तर एका ओळीत देता येण्यासारखं नाही, पण सुरुवात एका वहीपासून झाली हे नक्की.

'शब्दाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न इंग्रजीच्या शिक्षकाला चांगला ठाऊक असतो. एका बाकावरचा हुशार मुलगा 'द रूम इज ग्लूमी' लिहितो आणि ती खोली मग अख्ख्या रांगेत फिरते. एका वर्षी एका मुलीच्या वहीत मात्र वेगळंच वाक्य होतं : व्हेन द स्काय इज ग्लूमी, माय मदर पुट्स राइस ऑन माळा. मुलगी नदीकाठच्या वस्तीतली. मी 'माळा'खाली रेघ मारून 'लॉफ्ट' लिहिलं, 'ग्लूमी' खोडून 'क्लाउडी' केलं आणि अर्धा गुण दिला. वही परत मिळाल्यावर ती टेबलाशी आली.

"बाई, क्लाउडी नाही."

"का गं?"

"क्लाउडी तर पावसात रोजच असतं. रोज कुठे ठेवतो आम्ही तांदूळ वर?"

मी तिला जागेवर बसायला सांगितलं. चाळीस मुलांच्या तासाला याहून जास्त वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला ते उत्तर चलाख वाटलं, बरोबर वाटलं नाही. तिची आई पुढे पालकसभेला आली तेव्हा मी तो किस्सा गंमत म्हणून सांगितला. आई हसली नाही. "बाई, आम्ही आपल्या डोक्यावरचं काळं बघतच नाही," ती म्हणाली. "डोक्यावरचं पडून जातं. आम्ही कर्जतच्या अंगाला बघतो. तिकडं काळं बसून राहिलं, हालेना झालं, की मग सामान उचलायचं."

गावात जन्म काढून मी नदीकडे कधी या हिशेबानं पाहिलं नव्हतं. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या घाटातून उतरते, कर्जत आणि नेरळच्या बाजूनं येते आणि मग आमच्या गावाच्या अंगावरून कल्याणच्या खाडीकडे जाते. घाटात पाऊस कोसळला की ते पाणी आमच्याकडे काही तासांनी पोचतं. तेव्हा इथं रिमझिम असेल, कधी उघडीपही असेल. त्यात खाली खाडीला भरती असली की वरून आलेलं पाणी लवकर ओसरत नाही, पसरतं. हेंद्रेपाडा, वालिवली, सोनिवली या भागांतल्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे ज्या आभाळाबद्दल मी वर्गात बोलत होते ते माझ्या ओट्यावरून दिसणारं आभाळ होतं. ती बाई दुसऱ्याच आभाळाबद्दल बोलत होती, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या.

मग 26 जुलै 2005 आला. त्या मंगळवारी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तो दिवस मुंबईच्या नावावर जमा झाला. उल्हासच्या काठावर काय झालं हे आमच्या तालुक्याबाहेर फारसं कुणी विचारत नाही. आमचं घर उंचावर, त्यामुळे आम्हाला अंधार आणि बंद लोकल याखेरीज काही सोसावं लागलं नाही. पाणी उतरल्यावर मी शाळेतल्या इतर बायकांबरोबर नदीकडच्या वस्तीत गेले. भिंतींवर पाणी जिथवर चढलं होतं तिथे एक मातकट रेघ होती, सगळ्या घरांना सारख्या उंचीवर, कुणी दोरी लावून आखल्यासारखी. विजेच्या बटणांच्या खाचांत गाळ भरलेला. दोरीवर वह्या वाळत घातलेल्या, मधोमध उघडून, चिमटे लावून. त्या मुलीची आई कालथ्यानं चुलीतला गाळ खरवडत होती. मी काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, "तांदूळ?" तिनं कालथ्यानंच वर माळ्याकडे दाखवलं. पत्र्याचा डबा तिथे कोरडा होता.

तरी मी लगेच बदलले असं समजू नका. माणूस आपलं लाडकं मत इतक्या सहज सोडत नाही. मी ते जरा दुरुस्त केलं, इतकंच : पूर आला तर ग्लूमी, एरवी क्लाउडी. हा अपवाद घालून मी आणखी बरीच वर्षं काढली.

शब्दाकडे नीट बघायला मी लागले ती निवृत्तीनंतर, वेळ मिळाला तेव्हा. आणि तिथे माझ्या युक्तिवादाचा पायाच जरा ढिला निघाला. मी समजत होते की ग्लूमी हा मुळात हवेचा शब्द, लंडनच्या धुक्यात जन्मलेला, आणि तिथून तो माणसाच्या मनावर आला. इंग्रजी कोशकार उलटं सांगतात. चौदाव्या शतकात त्याचं मूळ क्रियापद आढळतं ते कपाळाला आठ्या घालून बघणे, तोंड फुगवून बसणे अशा अर्थानं. अंधार हा अर्थ फार नंतरचा, सतराव्या शतकात मिल्टनच्या कवितेपासून रुळलेला. म्हणजे शब्द आधी माणसाच्या तोंडावर होता आणि तिथून आभाळात गेला. आता साहेबाची हवा कुठली आणि साहेबाचं कपाळ कुठलं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यावरून त्या मुलीचं म्हणणंही मला नव्यानं कळलं. क्लाउडी मोजता येतं. हवामानशास्त्रात आभाळाचे आठ भाग कल्पून किती भाग ढगांनी झाकलेत ते नोंदवतात, शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं. डार्कसुद्धा मोजता येतं, उजेड मोजायचं यंत्र असतं. सॅड हे फक्त माणसाबद्दल बोलतं, आभाळाशी त्याचा संबंध नाही. ग्लूमी या सगळ्यांच्या मधे उभा आहे : बाहेरचा उजेड कमी झालाय आणि बघणाऱ्याच्या मनावर काही तरी आलंय, दोन्ही एकदम. त्याला बघणारा लागतोच. बाजारात आणि बातम्यांत 'ग्लूमी अंदाज' म्हणतात तेव्हाही तेच, आकडे नुसते आकडे असतात, ते वाचून कुणाची तरी झोप उडावी लागते. हंगेरीत 1933 साली एक गाणं निघालं, त्याच्या मूळ नावाचा अर्थ 'दुःखी रविवार' एवढाच. इंग्रजीत आणताना मात्र तो ग्लूमी संडे झाला, कारण नुसतं सॅड म्हटलं की तो रविवार रिकामाच राहतो, त्यात खिडकीबाहेरचं काही येत नाही. (आमच्याकडे रविवारी मटण असल्यानं हे उदाहरण मुलांना पटवणं अवघड जातं, तो भाग वेगळा.)

मग वाक्य खोडणारी मी कोण? बघणारी ती होती. ढग किती होते हे मी सांगू शकत होते, ते ढग तिच्या आईला कसे दिसले हे नाही.

2019 च्या जुलैत तर गावानंच मला हे पुन्हा शिकवलं. 26 जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे चामटोलीजवळ पाण्यात अडकली. रुळांच्या दोन्ही अंगांना उल्हासचं पाणी, मधे उभी गाडी, आत हजाराहून जास्त माणसं, त्यांत गरोदर बायका. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, हेलिकॉप्टर, आसपासच्या गावांतली पोरं, सगळ्यांनी मिळून 27 तारखेला दुपारपर्यंत साऱ्यांना सुखरूप काढलं. टीव्हीवर वरून घेतलेलं चित्र सारखं दाखवत होते. माझ्या ओट्यावरून तेव्हा जे आभाळ दिसत होतं ते जूनच्या पहिल्या ढगासारखंच होतं हो, तोच काळा, तोच भरलेला. शेजारच्या वहिनी मात्र त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "नको वाटतंय बघायला." त्यांच्याकडे नदीचं पाणी कधीच आलेलं नाही. त्या बातम्या बघून आल्या होत्या, एवढंच.

नुसता पूरच का, आपल्या वाङ्मयानंही माझी बाजू घेतली नाही. 'आपल्याकडे ढग म्हणजे आनंद' हे मी कालिदासाच्या जोरावर म्हणत असे, आषाढाच्या पहिल्या दिवसाचं नाव घेऊन. पण मेघदूतातला यक्ष रामगिरीवर, म्हणजे परंपरेनं आपल्या विदर्भातल्या रामटेकला, काही भजी तळत बसलेला नाही. तो वर्षभराची शिक्षा भोगतोय, बायको दूर आहे, ढग बघून त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. आणि कवी तिथं स्पष्टच सांगतो की ढग दिसला की सुखी माणसाचंही मन ठिकाणावर राहत नाही, मग विरहात असलेल्याचं काय विचारता. कुसुमाग्रजांनी, शांताबाई शेळक्यांनी हे काव्य मराठीत आणलं, मी ते हौसेनं वाचलं, आणि तरी एवढी गोष्ट नजरेआड केली. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतही मेघांचा नाद सुखवत नाही, जाळतो. आनंदाचे कवी म्हणून आपण ज्यांना शाळेत शिकवतो त्या बालकवींची 'उदासीनता' नावाची कविता आहेच. 27 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी फुलराणीही लिहिली आणि हेही लिहिलं. ग्रेसांच्या 1967 च्या पहिल्या संग्रहाचं नावच 'संध्याकाळच्या कविता', आणि जी. ए. कुलकर्णींच्या पुस्तकांची नावं नुसती ओळीनं म्हटली, 'काजळमाया', 'सांजशकुन', 'पिंगळावेळ', तरी उजेड-अंधाराच्या सीमेवर उभं राहिल्यासारखं होतं. कातरवेळी लहान मूल किरकिरलं तर आजी दिवा लावायची घाई करते, मन झाकोळतं, चेहरा काळवंडतो, आभाळ भरून येतं तसा गळाही भरून येतो. अंधारून येण्याचं आणि खिन्न होण्याचं नातं मराठीला साहेबानं शिकवलं असं म्हणायला मला जागाच उरली नाही.

डॉक्टरांचंही ऐका. नॉर्मन रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञानं 1984 साली ऋतुमानाबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे गृहस्थ मूळचे जोहान्सबर्गचे, म्हणजे आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखातले. अमेरिकेत गेल्यावर हिवाळ्यात आपण मंदावतो हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं. आणि गंमत म्हणजे काही लोकांना हाच त्रास हिवाळ्यात न होता उन्हाळ्यात होतो, हेही पुढे नोंदवलं गेलं. तेव्हा मे महिन्यात माझी जी चिडचिड होते तिला काय म्हणायचं, यावर मला विचार करावा लागेल. भर उन्हातली मरगळ ग्लूमी म्हणवत नाही, कारण उजेड तर डोळे दिपवतोय. पण तिला शब्द हवा.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता मी सरसकट सगळं चालवून घेते. तसं नाही. दोन ठिकाणी माझा पेन अजून अडतो.

पहिलं म्हणजे नव्या इमारतींतली मुलं. माझा भाचा कात्रपला राहतो, आठव्या मजल्यावर. पहिला पाऊस आला की त्याचं स्टेटस ठरलेलं : खिडकीच्या गजाबाहेर करडं आभाळ, अलीकडे वाफाळता चहा, वर 'ग्लूमी वेदर' आणि पुढे बदामाचं चित्र. त्याला विचारलं, "अरे, तू उदास आहेस का?" म्हणाला, "छे, मावशी, मस्त वाटतंय!" म्हणजे बघा, मी जन्मभर सांगत होते की पाऊस आपल्याला उदास करत नाही. हा पोरगाही तेच म्हणतोय, फक्त नेमका उलटा शब्द हातात धरून. शब्दांचे अर्थ वापरानं बदलतात हे मला ठाऊक आहे आणि उद्या भारतीय इंग्रजीत ग्लूमीचा अर्थ 'चहाला योग्य' असा होईलही. पण आज त्यात मनावरचं ओझं काढून टाकलं तर उरतं ते क्लाउडीच, जरा नटवलेलं. भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं अंगठा पाठवला.

दुसरं, जुनी घरं. इंग्रजी कादंबरीत अंधारी खोली आली की ती ग्लूमी असणार हे धरूनच चालायचं. आमच्या गावातल्या जुन्या घराचं माजघर मी लहानपणी पाहिलंय. भर दुपारी तिथे शिरलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसायचं नाही, मग हळूहळू उतरंड दिसायची, पाळण्याची कडी दिसायची, शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा तळव्यांना लागायचा. बाळंतिणीची खाट तिथेच, आजाऱ्याला झोप लागायची तीही तिथेच. मे महिन्यात त्या अंधारासाठी भांडणं व्हायची, कोण आत झोपणार म्हणून. त्या खोलीला कुणी ग्लूमी म्हटलं तर मी आजही खोडीन. उजेड कमी, कबूल, पण मन तिथे उतरत नाही, निवतं. भाषांतर करणाऱ्यांनी अंधारं दिसलं की उदास लिहायची घाई करू नये, हे माझं जुनं म्हणणं मी सोडलेलं नाही.

बाकी शिकवणीत आता खोडाखोड बंद आहे. ग्लूमी दिसलं की समासात मी एकच शब्द लिहिते : 'कोणाला?' मुलाला उत्तर देता आलं तर वाक्य बरोबर. 'आजोबांना, कारण त्यांना फिरायला जाता येत नाही.' बरोबर. 'पप्पांना, कारण लोकल बंद पडते आणि कल्याणहून रिक्षावाला वाट्टेल ते भाडं सांगतो.' फारच बरोबर. 'माहीत नाही, पुस्तकात होतं.' मग ते वाक्य परत. परीक्षेत समानार्थी शब्द विचारला तर मात्र मुकाट्यानं सॅड किंवा डार्क लिहून यायचं असं बजावून ठेवलंय, तपासणाऱ्याशी वाद घालायला कुणी जाऊ नये, गुण आधी.

गेल्या पावसाळ्यात एका पाचवीतल्या मुलानं लिहिलं, 'अवर टीचर इज ग्लूमी ऑन मंडे.' मी नियमाप्रमाणे समासात विचारलं, कोणाला? दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं होतं, 'आम्हाला. तुम्हाला दिसत नाही.' पूर्ण गुण दिले.